बावन्न की ब्याण्णव?

पत्र

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. घरी बडबडी, गोष्ट ऐकायची म्हटलं की जेवण विसरेल. शाळेतून मात्र सतत तक्रारी. 'लक्ष नसतं, सूचना ऐकत नाही, शेजारणीच्या वहीत बघून लिहिते.' परवा बाईंनी तोंडी गणितं घातली. हिने बावन्नच्या जागी ब्याण्णव लिहिलं, तेवीसच्या जागी तेहतीस. पाचातली तीन गणितं चुकली, पण रीत पाचही ठिकाणी बरोबर होती. कान तपासून आणले, रिपोर्ट नॉर्मल आला. मग मात्र मी तिला फार बोललो. कान धडधाकट असताना ऐकत नाही म्हणजे मुद्दामच करते, असं मला वाटलं. ती रडत म्हणाली, 'बाबा, आवाज येतो, पण शब्द येत नाहीत.' याचा अर्थ काय घ्यायचा? पुन्हा तपासणी करू, शिकवणी लावू, की जरा कडक वागू?

— एक बाबा

उत्तर

तुमच्या मुलीचं ते वाक्य मी एका चिठ्ठीवर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. गेली कित्येक वर्षं मुलांचे कान तपासतेय, आईवडिलांना हीच गोष्ट समजावताना दहा-दहा मिनिटं घालवतेय. तिने सहा शब्दांत सांगून टाकली.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. 'ऐकणं' या एका शब्दात आपण तीन कामं कोंबलीत: आवाज कानावर पडणं, बोललेलं समजणं आणि सांगितलेलं मानणं. 'पोरगी ऐकत नाही' म्हटलं की आपल्या मनात तिसराच अर्थ उभा राहतो आणि हात कपाळावर जातो. बाईंना दिसतंय की सूचना पोचलेली नाही. तुम्ही वाचलंत की मुलगी उद्धट झालीय. मधला अर्थ, समजण्याचा, कुणी तपासलाच नाही.

आधी त्या रिपोर्टबद्दल. तो खरा आहे, फाडून टाकू नका. पण तो कसा तयार होतो ते आठवून पाहा. भिंतींना आवाज शोषणारं अस्तर लावलेली छोटी खोली, जाड दार, कानांवर हेडफोन. एका वेळी एका कानात एकच सूर, 'पीं'. ऐकू आला की बटण दाबायचं. सूर बारीक बारीक करत नेतात आणि वीस डेसिबलच्या आतले सूर मुलाने पकडले, की आम्ही 'नॉर्मल' लिहितो. म्हणजे त्या रिपोर्टला विचारलेला प्रश्न एवढाच होता: अगदी शांततेत अगदी हळू आवाज कळतो का? तुमच्या मुलीला कळतो. आता सांगा, तिच्या वर्गात अशी शांतता दिवसातून किती वेळ असते? आणि बाई 'पीं' करून शिकवतात का?

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून अधिकाराने बोलते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मुलाच्या ऐकण्याचा असाच सुरेख आलेख काढला, आईला सांगितलं, 'कान ठणठणीत आहेत, अभ्यासाला बसवा.' ती दोघं बाहेर पडली. बाहेर रांगेतल्या लोकांचा कलकलाट होता. आईने मागून सांगितलं, 'पाण्याची बाटली आत राहिली, घेऊन ये.' मुलगा थांबला, वळला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तिने पुन्हा सांगितलं. तो बाहेरच्या बाकाखाली वाकून चप्पल शोधायला लागला. मी दारात उभी होते, माझ्या हातात त्याचा नॉर्मल रिपोर्ट होता. त्यांना परत बोलवायला हवं होतं. मी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

आता तुमच्या मुलीच्या त्या ब्याण्णवकडे येऊ, कारण सगळं मर्म त्यातच आहे.

बोलण्यातले स्वर दणकट असतात. आ, ई, ओ लांबवता येतात, लांबवर पोचतात. व्यंजनं बिचारी क्षणभराची. त्यातही त, थ, क, प, स, फ ही तर नुसती हवेची फुंकर. पण शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा या फुंकरीवरच अवलंबून असतो. काठ, खाट, घाट, गाठ, पाठ, माठ, ताट, दाट हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. आता पंखा पूर्ण वेगात सोडा, घरातल्या कुणाला तरी पलीकडच्या टोकाला उभं करा आणि पुन्हा म्हणा. पलीकडे पोचतो तो एकच शब्द, 'आट'. पुढचं व्यंजन गोंगाटाने खाल्लं. बावन्न आणि ब्याण्णव यांचं तेच: ब, व आणि न-ण यांचीच उलटसुलट जुळणी. सत्तावन्न-सत्त्याण्णव, तेवीस-तेहतीस, चोवीस-चौतीस या जोड्याही तशाच. (आपले अंक शांत खोलीतसुद्धा भल्याभल्यांना गोंधळात टाकतात, हे जाता जाता.) तिची रीत बरोबर, आकडा चूक. हिशेब येतो, ऐकू आलेलं चुकलं. लक्ष नसणाऱ्या मुलाच्या चुका सहसा अशा नसतात. ते गणितच अर्धवट सोडतं, किंवा तिसऱ्या गणितानंतर वहीत फूल काढून ठेवतं.

तुम्ही म्हणाल, त्याच वर्गात बाईंना मुलांचं बोलणं कळतं, मग हिलाच का कळू नये? कारण मोठी माणसं ऐकतात त्यातलं बरंचसं खरं म्हणजे ओळखून घेत असतात. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी काढून टाकला आणि तिथे खोकल्याचा आवाज भरला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला. नेमका कुठला ध्वनी गायब आहे, हे त्यांना सांगता येईना. मेंदू भोकं बुजवतो. पण बुजवायला माल लागतो: शब्दसंग्रह, वाक्य पुढे कुठे जाणार याचा अंदाज, विषयाची ओळख. नऊ वर्षांच्या मुलीकडे हा माल आपल्यापेक्षा खूप कमी असतो. आणि गोंगाटातून एक आवाज निवडण्याची क्षमता पिकायलाच वेळ लागतो, ती किशोरवयापर्यंत वाढत राहते. म्हणून ज्या गोंगाटात तुम्ही आरामात गप्पा मारता, त्यात मुलाला तेवढंच कळण्यासाठी बोलणाऱ्याचा आवाज गोंगाटापेक्षा बराच वर असावा लागतो. शाळेचं माध्यम घरच्या भाषेहून वेगळं असेल तर आणखी वर. तुम्ही माध्यमाबद्दल लिहिलेलं नाही, पण तसं असेल तर हा मुद्दा वजनात धरा.

किती वर, याचे आकडे ठरलेले आहेत. वर्गात शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने जास्त असावा, असं या क्षेत्रात सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शिकवणं चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं म्हटलंय. ३५ म्हणजे वाचनालयातली शांतता. मुलांनी भरलेला वर्ग, बाकांची करकर, उघडी खिडकी असली की काटा सहज साठकडे जातो. बाईंचा आवाज मीटरभर अंतरावर साठ-पासष्ट असेल तर अंतर दुप्पट होताच तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर सहा गेले, चार मीटरवर बारा. शेवटच्या बाकापर्यंत बाईंचा आवाज आणि गोंगाट एका पातळीवर येतात, किंवा गोंगाट वरचढ होतो. त्यात खोली घुमणारी असेल, नुसत्या भिंती, फरशी आणि उंच छत, तर आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते. बाई आवाज चढवतात. चढतात ते स्वर. व्यंजनं होती तिथेच राहतात. वर बाईंच्या घशाची वाट लागते ती वेगळीच.

शेजारणीच्या वहीचंही कोडं यातच सुटतं. बाई म्हणतात, 'पान अठ्ठेचाळीस, खालून दुसरा उतारा, पहिले दोन प्रश्न सोडून बाकीचे.' तुमच्या मुलीला पोचतं '…चाळीस'. आता ती मनात शोधतेय: बेचाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस? हा शोध चालू असताना उतारा आणि प्रश्न निघून गेले. डोक्यातली जी जागा अर्थ लावायला हवी होती, ती शब्द जोडण्यात खर्च झाली. मग ती शहाणी मुलगी काय करते? शेजारणीने कुठलं पान उघडलंय ते बघते. याला बाई कॉपी म्हणतात, मी हुशारी म्हणते. दिवसभर असं ओढूनताणून ऐकल्यावर शेवटच्या तासाला ती खिडकीबाहेर बघत असेल, तर तो थकवा आहे. घरी आल्यावर तासभर चिडचिड करते का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. करत असेल, असा माझा अंदाज.

दोष मुलात शोधायच्या आधी खोलीत शोधावा, हे मी ज्या एका गोष्टीवरून शिकले ती सांगते. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एक शाळा होती, तिच्या एका बाजूच्या वर्गांना लागून उन्नत लोहमार्ग. गाडी गेली की शिकवणं थांबायचं. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आवाजाच्या बाजूच्या आणि शांत बाजूच्या वर्गांतल्या मुलांचं वाचन पडताळून पाहिलं. १९७५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सहावीपर्यंत आवाजाच्या बाजूची मुलं जवळपास एका वर्षाने मागे पडलेली होती. शाळा तीच, फक्त भिंत वेगळी. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले. नंतरच्या पाहणीत दोन्ही बाजूंमधला फरक राहिला नव्हता. मुलांना कुणी जास्तीचा अभ्यास दिला नव्हता.

आता करायचं काय. आधी घरातच एक संध्याकाळ काढा. तिला परीक्षा वाटू देऊ नका, खेळ म्हणा. शांत खोलीत, हातभर अंतरावर बसून तिने न ऐकलेली एक छोटी गोष्ट वाचून दाखवा. मग 'का' आणि 'कसं'चे चार-पाच प्रश्न विचारा. 'त्याचं नाव काय होतं' छापाचे नकोत. दुसऱ्या दिवशी तेवढीच अवघड दुसरी गोष्ट, पण या वेळी टीव्हीवर बातम्यांची चर्चा लावून (तिथे सगळे एकदम बोलतात, आपल्या कामाला उत्तम) आणि खोलीच्या पलीकडच्या टोकावरून. तिसऱ्या दिवशी तोच टीव्ही, तेच अंतर, पण वरचे काठ-खाट-घाट शब्द एकेक म्हणा आणि तिला ते जसेच्या तसे म्हणून दाखवायला सांगा. तोंडासमोर वही धरा, ओठ दिसू देऊ नका. मग अर्धे शब्द वही बाजूला करून म्हणा.

शांततेत गोष्ट झकास कळली आणि गोंगाटात कोसळली, तर प्रश्न गोंगाटातल्या ऐकण्याचा आहे. तुमच्या पत्रावरून मला हेच वाटतं. शांततेतही 'का'ची उत्तरं येत नसतील, पण शब्द नीट परत म्हणता येत असतील, तर कान सोडून भाषेकडे बघायला हवं: शब्द माहीत आहेत का, लांब वाक्य डोक्यात टिकतं का. त्यासाठी वाचाभाषातज्ज्ञ. ओठ दिसल्यावर उत्तरं झपाट्याने सुधारली, तर ती वर्गातही डोळ्यांनी ऐकतेय असं समजा. मराठीत दुर्लक्ष करण्याला 'कानाडोळा' म्हणतात. ही पोरगी कान आणि डोळा दोन्ही कामाला लावून बसलीय.

कानांची तपासणी पुन्हा करा, पण आता नेमकी मागून घ्या. एक, टिम्पॅनोमेट्री. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय का ते यात कळतं, दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. सर्दीनंतर मुलांच्या कानात असं पाणी साठणं अगदी नेहमीचं आहे. ते येतं-जातं, त्यामुळे तपासणीच्या दिवशी कान छान आणि पंधरा दिवसांनी बोटं घातल्यासारखे, असं होऊ शकतं. तिला वारंवार सर्दी होत असेल तर सर्दी असतानाच घेऊन जा. बहुतेकदा ते आपोआप ओसरतं, तीन महिन्यांनंतरही टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञ पुढचं ठरवतात. दोन, दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे दाखवायला सांगा. एक कान किंचित कमी असला तरी शांततेत पत्ता लागत नाही, पण गोंगाटात मोठा फटका बसतो. आवाज दोन कानांना सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकाने पोचतो आणि तेवढ्यावर मेंदू 'बाई तिकडे, गोंगाट इकडे' अशी फाळणी करतो. तीन, गोंगाटातल्या बोलण्याची चाचणी, तिच्या भाषेत आणि तिच्या वयाला साजेशी. जाताना ती गणिताची वही आणि तुमच्या घरच्या खेळाच्या नोंदी बरोबर न्या. आम्हाला अशा वह्या आलेखाइतक्याच कामाच्या असतात.

'ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे नाव तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेलच, नसेल तर आज रात्री वाचाल. कान ठीक असताना मेंदूला आवाजाची उकल करणं जड जाणं, अशी त्याची ढोबळ व्याख्या. त्याची नेमकी हद्द कुठे, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही, कारण लक्ष, स्मरण आणि भाषा यांच्या अडचणीही बाहेरून तशाच दिसतात. मी हे लेबल लावण्याची घाई करत नाही. लेबल लागो न लागो, वर्गात करायच्या गोष्टी त्याच राहतात. 'महिन्याभरात श्रवणशक्ती वाढवा' म्हणणाऱ्या ॲपवर पैसे घालवू नका. गोंगाट कापणारे हेडफोन वर्गासाठी नकोत, ते बाईंनाही कापतात.

वर्गातली पहिली गोष्ट जागा. सगळे म्हणतात पहिला बाक. मी म्हणेन दुसरा, थोडा बाजूचा, पंखा-दार-खिडकीपासून लांब. तिथून बाईंचा चेहरा समोर दिसतो आणि वर्गातलं एखादं मूल उत्तर देत असेल तर वळून त्याच्याकडेही बघता येतं. पहिल्या बाकावर पाठीमागचं सगळं हरवतं, आणि वर्गातलं निम्मं शिक्षण पाठीमागून येणाऱ्या उत्तरांतूनच होत असतं.

बाईंना भेटायला जाताना तक्रारीच्या सुरात जाऊ नका. त्यांच्यापुढे तीस-चाळीस तोंडं आहेत. तिचं ते वाक्य सांगा, वही दाखवा आणि दोनच विनंत्या करा. पान नंबर आणि आकडे तोंडी सांगतानाच फळ्यावर लिहा. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका, लिहून झालं की वळून बोला. याला खर्च नाही, वेळ नाही आणि फायदा अख्ख्या वर्गाला. बाई उत्साही निघाल्या तर पुढचं सुचवा: बाकांच्या पायांना रबरी बूच, दार बंद, भिंतीवर जाड कापडाचा फलक. शाळा आणखी तयार असेल तर शिक्षकाच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या कानाजवळ रिसीव्हर अशी साधनं असतात. अंतराचा प्रश्न ती पुसूनच टाकतात, पण ती श्रवणतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच.

मुलीला एक कला शिकवा. सध्या ती बहुधा 'काय?' विचारत असेल, किंवा विचारणं सोडूनच दिलं असेल. 'काय?' म्हटलं की मोठ्यांना वाटतं लक्ष नव्हतं, मग ते अख्खी सूचना चिडून पुन्हा सांगतात, तितक्याच अस्पष्ट. त्याऐवजी कळलेला भाग बोलून न कळलेलाच विचारायचा: 'बाई, चाळीसच्या पुढे कितवं पान?' 'बावन्न म्हणजे पाच-दोन ना?' ऐकणाऱ्याला लगेच कळतं की पोरगी कान देऊन बसलेली होती. घरी आठवडाभर सराव करा. तुम्ही मुद्दाम वाक्य अर्धवट पुटपुटायचं, तिने नेमका प्रश्न विचारायचा. मुलांना हा खेळ फार आवडतो, कारण यात मोठ्यांच्या चुका काढायला मिळतात.

घरी तुमच्यासाठी नियम एकच. दुसऱ्या खोलीतून हाक मारून काम सांगायचं नाही. जवळ जा, नाव घ्या, ती बघेपर्यंत थांबा, मग बोला. आणि रोज रात्री शांततेत वाचून दाखवणं थांबवू नका, तिला स्वतःला वाचता येत असलं तरी. भोकं बुजवायचा माल तिथूनच येतो.

शिकवणीबद्दल: तीसजण दाटीवाटीने बसलेल्या खोलीत पाठवणार असाल तर तिला दुसरा वर्ग मिळेल, दुसरी संधी नाही. कडक वागण्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुमच्या पत्राचा सूर बघता तुम्ही तो बेत आधीच सोडलेला आहे. कान दुखला, वाहिला, एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं किंवा कानात सतत आवाज येतो म्हणाली, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

राहिलं तुम्ही बोललात त्याचं. तिच्याशी त्यावर बोलाच, टीव्ही बंद करून, शेजारी बसून. आणि ती चुकलेली तीन गणितं तिने लिहिलेल्या आकड्यांनुसार तिच्यासमोर पुन्हा तपासा. रीत बरोबर आहे असं तुम्हीच लिहिलंय. ब्याण्णव धरून उत्तर बरोबर येत असेल तर तिथे मोठी खूण करा आणि खाली तारीख घालून सही करा. ती वही घेऊन मग बाईंकडे जा.